दोन डावे कौल

मला काजूच्या कारखान्यातून काढलं ते माझ्या जिभेमुळे, असं आमच्या वाडीत अजून सांगतात. सांगू देत. मुकादमाने कारण दिलं होतं ते वेगळं. आफ्रिकेहून यायचा कच्चा काजू आलेला नाही, माल नाही तर इतक्या बायका कशाला, असं तो म्हणाला. ते खोटंही नव्हतं. गोवा सुटला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. चतुर्थी होऊन घरोघरचे पुरुष मुंबईला परतले होते आणि कारखान्याच्या खळ्यात वाळत घातलेला काजू दिसत नव्हता, हे मीही रोज बघत होते. पण अर्ध्या बायका ठेवायच्या आणि अर्ध्या काढायच्या असं ठरलं तेव्हा काढायच्यांत पहिलं नाव माझं आलं. काजू फोडायला बसणाऱ्या आमच्या ओळीत माझ्याइतके अख्खे गर दुसरं कुणी काढत नव्हतं. तेव्हा लोक म्हणतात त्यात तथ्य असणारच.

त्याआधी झालं होतं ते असं. संध्याकाळी सुटताना मुकादम फाटकात उभा राहायचा आणि एकेकीची झडती घ्यायचा. काजू चोरून नेतात म्हणून. ओचा झटकायला लावायचा, पदर सोडायला लावायचा, आणि अंबाड्यात बोटं घालून बघायचा. म्हाताऱ्या बायकांचा अंबाडा त्याला फारसा बघावासा वाटत नसे, हे आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. बायका मान खाली घालून उभ्या राहायच्या. मीही बरेच दिवस राहिले. मग एका संध्याकाळी काय झालं कोण जाणे, त्याचा हात पुढे यायच्या आत मी स्वतःच अंबाडा सोडला, केस त्याच्या तोंडासमोर झाडले, आणि आता तुमचा खिसा दाखवा म्हणून सांगितलं. मागच्या बायका हसल्या. खिसा त्याने दाखवला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो बिनखिशाचा सदरा घालून यायला लागला. माझ्यावर खार खाऊन राहिला तो तेव्हापासून.

घरी मी, सासू आणि दोन लहान मुलं. नवरा मुंबईला गिरणीत. त्याचे पैसे कधी यायचे, कधी नाही, आणि शेतातलं भात दिवाळीपासून शिमग्यापर्यंत पुरायचं. बाकीचं वर्ष माझ्या हातांवर होतं. म्हणून काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कामाच्या शोधात बाहेर पडले. रडायला वेळ नव्हता, आणि रडावं असं मला वाटलंही नव्हतं. राग आला होता. रागाने माणूस बरंच चालतो.

आधी खाडीपलीकडच्या दुसऱ्या कारखान्यात गेले. तिथला मुकादम आमच्या मुकादमाचा मेव्हणा निघाला. त्याने मला नाव विचारलं आणि पुढचं काही विचारलं नाही. मग बंदरावर आगबोटीच्या उतारूंसाठी एक खानावळ होती, तिथे वाटणघाटण करायला बाई हवी होती. मालकाने माझे हात बघितले. काजूच्या टरफलाचं तेल उडून हात मनगटापर्यंत काळे पडलेले, बोटांची सालं निघालेली. आम्ही राख चोळून काम करायचो, तरी ते चुकत नसे. या हातांनी वाटलेलं खोबरं गिऱ्हाईक खाणार नाही, असं तो म्हणाला. त्याचंही खरं होतं, पण ऐकून अंगाचा तिळपापड झाला. शिंप्याकडे गेले तर त्याला मशीन चालवता येणारी हवी होती. एका शाळेत पाणी भरायला बाई हवी असं कळलं, तिथे पोचेपर्यंत ती मिळाली होती.

मालवणात नुकताच एक बाळंतपणाचा दवाखाना निघाला होता. तिथे बाई मिळत नाही असं मला मासे विकणाऱ्या एका बाईने सांगितलं. कामाची कमतरता सगळीकडे आणि इथे काम असून बाई नाही, याचं कारण मला लगेच कळलं. बाळंतिणीचे कपडे धुणं, वार उचलणं, रक्त पुसणं ही कामं आमच्याकडे कुणी करायची हे ठरलेलं होतं. आमच्यासारख्या घरातली बाई त्यात हात घालत नसे. ज्यांनी करायची त्यांनाही आता गावात वैजीण, म्हणजे सुईण, म्हणून मान होता, त्या दवाखान्यात कशाला येतील? मी थोडा वेळ बंदराच्या कठड्यावर बसले आणि मग गेले.

डॉक्टरीणबाई घाटावरच्या होत्या, उंच, चष्मा लावणाऱ्या, आणि माझ्याइतक्याच तापट. त्यांनी विचारलं, रक्त बघून चक्कर येते का? मी म्हटलं, मासे कापत मोठी झाले, मला कसली चक्कर येते. मग त्यांनी हात पुढे करायला सांगितले. मी केले. उलटेसुलटे करून त्यांनी ते खिडकीच्या उजेडात बघितले. आता इथूनही परत, असं मनात म्हणत मी पदर सारखा केला.

"ही कातडी जाऊन नवी येईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "तोवर धुणं, पाणी आणि लादी. चालेल?"

चालणार होतं. पगार महिन्याच्या महिन्याला मिळणार होता, आणि दवाखान्याच्या फाटकात कुणी उभं नव्हतं हे मी आत येतानाच बघून ठेवलं होतं. सोमवारपासून येते म्हणाले आणि घरी आले.

घरी सांगितलं तेव्हा सासू चुलीपुढे होती. ती लाकडं पुढे सारत राहिली. पण वाडीत भिंतीला कान, अंधार पडायच्या आत माझे चुलत सासरे आमच्या ओसरीवर हजर. आमच्या भावकीत वडीलधारे ते. आणि आमची भावकी म्हणजे गावच्या देवळातली मानकरी. जत्रेला देवीचं तरंग उचलायचं ते आमच्या घरच्यांनी. लुगडं नेसवलेला तो उंच खांब चुलत सासऱ्यांनी वयात आल्यापासून अनवाणी पायांनी नाचवलेला. त्यांच्याकडे दुसरं होतं काय? जमीन थोडी, मुंबईला मुलगा नाही, अंगावरचा सदरा एकच. वर्षातून एकदा खांद्यावर तरंग आलं की सगळा गाव त्यांना वाट करून द्यायचा. हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. कळूनही माझा राग कमी होत नव्हता, एवढंच.

त्यांचा हिशेब असा होता. घरात मूल जन्मलं की भावकीला दहा दिवस सुयेर, म्हणजे जन्माचा विटाळ, तेवढे दिवस तरंगाला हात लावायचा नाही. दवाखान्यात तर रोज मूल जन्मणार. म्हणजे मला रोजचं सुयेर, माझ्यामुळे घराला, घरामुळे भावकीला. बारा महिने सुयेरात असलेल्या भावकीला कोण तरंग उचलू देणार? खालच्या वाडीतले लोक हा मान आपल्याकडे ओढायला टपलेलेच होते. मी म्हटलं, सुयेर रक्ताच्या नात्याचं असतं, दवाखान्यात जन्मणारी पोरं माझी कोण लागतात? शिवाशिवीचं म्हणाल तर आंघोळ केली की संपलं. ते माझ्याशी वाद घालायला आलेच नव्हते. ते सासूकडे बघून म्हणाले की रविवारी देवीला कौल लावूया, ती सांगेल तसं करायचं.

आमच्या मुलखात बैलाचा पाडा विकायचा की ठेवायचा इथपासून मुलगी कुठे द्यायची इथपर्यंत सगळं कौलाने ठरतं. देवीच्या पाषाणाच्या मूर्तीवर उजव्या नि डाव्या बाजूला गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी देवीला मानते. तेव्हाही मानत होते. म्हणूनच मला कौलाची भीती वाटत होती. देवीने नाही म्हटलं तर काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी सभामंडप भरला. खालच्या वाडीतले लोकही आले, त्यांना मजा बघायची होती. बायका आम्ही कडेच्या खांबांपाशी. गुरव म्हातारा, हळू बोलणारा, डोळे अर्धे मिटलेले. त्याने देवीला गाऱ्हाणं घातलं, लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि चुलत सासऱ्यांनी प्रश्न दिला. आमच्या सुनेने दवाखान्याचं काम करायचं काय? पाकळ्या लावल्या. फार वेळ लागला नाही. डावी पडली.

लोक हलले, चुलत सासऱ्यांनी सुस्कारा टाकला, गुरव पाट उचलायला लागला. मीही निघणार होते. पण मुलं डोळ्यांसमोर आली, आणि त्यांच्या मागे पुढच्या वर्षाचे रिकामे महिने. मी खांब सोडून पुढे झाले.

"गुरवांनू, थांबा. आता ह्या इचारा. मी घरात बसूचा काय?"

चुलत सासरे म्हणाले, एकदा कौल झाला तो झाला. बाईने मध्ये बोलायचं नसतं, असं खालच्या वाडीतल्याही कुणी म्हटलं. त्यांची आणि आमची भावकी एका बाजूला आलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. गुरवाने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"देवीक इचारूक कोणाक बंदी नाय," तो म्हणाला आणि ताज्या पाकळ्या पाण्यात बुडवायला घेतल्या.

हिने घरात बसायचं काय? सगळे माना उंचावून बघत होते. पुन्हा डावी पडली.

दवाखान्यात जायचं नाही, घरात बसायचं नाही. चुलत सासरे गोंधळले. इतकी वर्षं कौल लावून त्यांना असं कधी झालं नव्हतं, कारण एकच गोष्ट दोन्हीकडून कुणी विचारतच नसे. मग हिने करायचं तरी काय, ते विचार, असं त्यांनी गुरवाला सांगितलं.

"देवी व्हय-नाय सांगता," गुरव म्हणाला. "कामधंदो शोधून देणा नाय."

मग त्यांनी तिसरा प्रश्न केला. देवी आमच्या घरावर रागावली आहे काय? पाकळ्या लावल्या त्या तशाच राहिल्या. एक पडली नाही, दुसरी पडली नाही. लोक बसले, उठले, पुन्हा बसले. दिवा लावायची वेळ झाली, खालच्या वाडीतले जेवायच्या ओढीने घराकडे निघाले, पाकळ्या मूर्तीवर सुकून चिकटल्या. माझ्या मनातली भीती त्या वेळात हळूहळू निघून गेली. देवी बोलत नव्हती. माझ्या समजुतीप्रमाणे तिने ते माझ्यावर सोडलं होतं. मी तसं सांगितलं आणि उद्यापासून कामावर जाते म्हणाले.

चुलत सासरे उठून उभे राहिले. "देवी गप रवली तरी मी रवाचंय नाय. थंय जातलंस तर ह्या देवळाची पायरी चढूची नाय."

त्यावर मी जे बोलले ते माझ्या तोंडून सभामंडपात निघेल असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. "कारखान्याच्या फाटकावर परको पुरुष माझ्या केसांत हात घाली होतो, तेव्हा कोणी देवीक इचारूक इलो नाय. तेव्हा भावकीचो मान खंय गेल्लो?"

चुलत सासऱ्यांना ती झडती माहीत होती. सगळ्या गावाला माहीत होती.

सोमवारी मी कामावर गेले. धुणं धुतलं, लाद्या पुसल्या, विहिरीचं पाणी ओढलं. रात्री हाताला कोकमाचं तेल चोळायचे. जुनी कातडी सोलून निघत होती, खालून गुलाबी कातडी येत होती, आणि ती पाणी लागलं की झोंबायची. डॉक्टरीणबाई दर सोमवारी हात बघायच्या आणि "अजून नाही" म्हणून निघून जायच्या. कधी माझ्यावर ओरडायच्या, कधी मी त्यांना उलट बोलायचे, आणि दोघी आपापल्या कामाला लागायचो. पण औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे दिली. मी घरी निघाले की ती खुंटीला लावायची. माझ्या पिशवीत काय आहे हे तिथे कुणी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी घरी पोचले की पुढच्या दाराने आत यायचं नाही असं मीच ठरवलं होतं. सासूला त्रास नको. पहिल्या दिवशी मागल्या दारी गेले तर चुलाण्यावर हंडा.

"पाणी तापला आसा. आदी न्हा," सासू म्हणाली.

एवढंच. पण त्यानंतर एक दिवसही तो हंडा थंड मिळाला नाही. वाडीतल्या बायका विहिरीवर तिला टाळायला लागल्या होत्या, ते तिने मला कधी सांगितलं नाही, मला दुसरीकडून कळलं. नवऱ्याच्याही कानावर हे मुंबईत गेलं. त्याने गावी येणाऱ्या एका माणसाबरोबर निरोप धाडला की तुला कळतं तसं कर. मला त्याचा राग आला, कारण मला कळतं तसं मी केव्हाच केलं होतं.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी डॉक्टरीणबाईंनी हात बघितले, नखं बघितली, आणि मला आतल्या खोलीत नेलं. कोळ्याची एक बाई अडून होती, पहिलटकरीण. दुपारी मूल झालं, मुलगी. बाईंनी ती माझ्या हातांत दिली. पुसून, गुंडाळून आईजवळ ठेवायची होती. माझ्या नव्या कातडीला ती इतकी ऊन लागली की मी दचकले. स्वतःची दोन मुलं वाढवलेली बाई मी, पण त्या मुलीला धरताना मला हुंदका आला, आणि बाईंना दिसू नये म्हणून मी पाठ केली. आनंद झाला होता. इतका आनंद मला काजू फोडून कधी झाला नव्हता.

आणि त्याच सुमाराला आफ्रिकेचा माल आला. कारखान्यातून बायकांना परत बोलावणी गेली. माझ्यासाठी मुकादमाचा निरोप आला तो चुलत सासऱ्यांकडे. अख्खे गर काढणारी बाई हवी होती म्हणे. मात्र तोंड बंद ठेवायचं. ते स्वतः आमच्याकडे आले, आणि पायरीचं बोलणं झाल्यापासून पहिल्यांदाच ओसरीवर बसले. चेहरा खुललेला. आता सगळं जिथल्या तिथे होईल, दवाखाना सोडलास की जत्रेला देवीची ओटी भरायला सर्वांत पुढे तू, असं मला समजावून सांगत होते. मनापासून सांगत होते. सासूने त्यांना चहा दिला.

मी त्यांना म्हटलं, "मामांनू, तेका सांगा, माझा तोंड माझ्याबरोबर रवता. नुसते हात येवचे नाय."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले की पायरीचं मी बोललो ते बोललो, ते मागे घेता येणार नाही. मी म्हटलं, मीही काही मागे घेत नाही. चहा अर्धा टाकून ते गेले.

जत्रा मार्गशीर्षात. खालच्या वाडीतल्यांनी मान मागितला नाही की काही नाही. त्यांच्यातल्या एकाची सून आठवड्यापूर्वीच आमच्या दवाखान्यातून मुलगा घेऊन गेली होती, ते कशाला तोंड उघडतील? तरंग आमच्याच भावकीने उचलायचं ठरलं. त्या दिवशी दुपारी मी कामावरून आले, न्हाले, ठेवणीतलं लुगडं नेसले. सासूने ताटात खण, नारळ आणि तांदूळ लावूनच ठेवले होते. जायचं की नाही असं तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दोघी निघालो.

देवळापाशी ओटी भरायला बायकांची रांग होती. आमची पाळी आली तेव्हा चुलत सासरे पायरीवर उभे होते, फेटा बांधून, अनवाणी. त्यांनी हात आडवा केला. हिची ओटी देवीला चालते काय ते आत्ता कौल लावून विचार, असं त्यांनी आत गुरवाला मोठ्याने सांगितलं. तिसऱ्यांदा डावी पडली असती, तर माझ्याकडे विचारायला प्रश्न उरला नव्हता.

गुरव गाभाऱ्यातून उंबऱ्यापर्यंत आला. त्याने आमच्याकडे बघितलं.

"फुला सरली," तो म्हणाला.

त्याच्या मागे देवी गळ्यापर्यंत झेंडूत बुडाली होती. टोपल्या भरून अबोली बाजूला ठेवलेली. चुलत सासऱ्यांनी तिकडे बोट दाखवलं. "मगे ही काय?"

"ही देवीची. कौलाची सरली," गुरव म्हणाला, आणि ओटी घ्यायला माझ्याकडे हात पुढे केला. "हाड गो ती ओटी."

चुलत सासरे जागचे हलले नाहीत. त्यांचा हात तसाच आडवा होता. त्यांनी बाजूला व्हावं म्हणून मी थांबले नाही. पायरी काही त्यांच्या एकट्याच्या रुंदीची नव्हती. त्यांच्या शेजारून मी चढले आणि माझ्या मागोमाग सासू चढली.